सॅटर्नच्या देवळातील हिशेब

रोमच्या फोरममध्ये, कॅपिटोल टेकडीच्या पायथ्याशी, आठ उंच खांब आणि त्यांच्यावर पेललेला दगडी पट्टा एवढेच अवशेष उरलेले एक देऊळ आहे. ते सॅटर्न या देवाचे. ज्या ग्रहाला आपण शनी म्हणतो, त्याला युरोपात याच देवाचे नाव आहे. आज दिसणारे खांब पुष्कळ नंतरच्या दुरुस्तीतले आहेत, पण जागा तीच आहे. प्रजासत्ताकाच्या काळात रोमचा सार्वजनिक खजिना या देवळात असे. पैशाबरोबर हिशेबाच्या पाट्या, कायद्यांच्या प्रती, सिनेटचे ठराव आणि सैन्याची निशाणेही इथेच सांभाळली जात. आमच्या सहलीतील मंडळी कलोसियमच्या दिशेने पुढे गेली, तरी माझा पाय तिथून निघेना. माझ्या नोकरीची 32 वर्षे कोषागारात गेली आहेत. आधी कनिष्ठ लिपिक म्हणून आणि शेवटची काही वर्षे हाताखाली चारजण असलेला अधिकारी म्हणून मी बिले तपासली, आक्षेप काढले, नोंदी केल्या. त्या आठ खांबांपाशी उभे राहिल्यावर एखाद्या पडक्या वाड्यासमोर आपल्या पूर्वजांचा वाडा म्हणून उभे राहावे, तसे मला वाटले.

रोमच्या प्रजासत्ताकाविषयी मी नोकरीत असतानाच वाचू लागलो. सुरुवात सर्वांची होते तशीच झाली: सीझर, सिसेरो, मार्च महिन्यातला तो खून. पुढे मात्र माझे लक्ष त्या मोठ्या माणसांवरून त्यांनी भूषवलेल्या पदांवर गेले आणि तिथेच राहिले. राजाला हाकलून दिल्यावर, परंपरेप्रमाणे इ.स.पू. 509 मध्ये, रोमन लोकांनी राजाची सत्ता एका वर्षाच्या मुदतीची केली आणि दोन माणसांत अशी विभागली की प्रत्येकाला ती पूर्ण मिळावी आणि तरीही प्रत्येकाला दुसऱ्याने अडवता यावे. हे दोघे म्हणजे कॉन्सल. कॉन्सलांखाली न्यायदान करणारे प्रेटर, त्यांच्याखाली रस्ते, बाजार, वजनेमापे आणि सार्वजनिक खेळ पाहणारे ईडाइल, आणि अगदी पहिल्या पायरीवर पैशाचा हिशेब पाहणारे क्वेस्टर. ही सगळी पदे निवडणुकीची, साधारणपणे एका वर्षाची, आणि सगळीच बिनपगारी. नागरिकांची गणना करणारे आणि सिनेटची यादी तपासणारे सेन्सर तेवढे वेगळे: ते साधारणपणे पाच वर्षांतून एकदा निवडले जात आणि त्यांनी आपले काम दीड वर्षात उरकावे अशी अपेक्षा असे.

यादवी युद्ध जिंकून डिक्टेटर, म्हणजे सर्वाधिकारी, झालेल्या सुल्ला या सेनापतीने इ.स.पू. 81 मध्ये कायदा करून क्वेस्टरांची संख्या 20 केली, त्यांचे किमान वय 30 ठरवले, आणि जो क्वेस्टर होईल त्याला सिनेटमध्ये आपोआप जागा मिळेल अशी व्यवस्था केली. त्या कायद्याच्या ब्राँझच्या पत्र्यांपैकी एक आज शिल्लक आहे. त्यावर क्वेस्टरांच्या अधिकारांचे वर्णन असेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यावर आहे तो क्वेस्टरांच्या हाताखालच्या दूतांच्या आणि दवंडी देणाऱ्यांच्या नेमणुकीचा तपशील. हे वाचल्या दिवशी मला झालेला आनंद घरात कोणाला समजावून सांगता आला नाही.

सिनेटच्या त्या जागेमुळे एक गोष्ट घडली, जी कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला चटकन उमगेल. क्वेस्टरपद हे हिशेबाचे पद न राहता एक दार झाले. वीस तरुणांपैकी दोघे खजिन्यावर येत, बाकीचे प्रांतांत आणि सेनापतींबरोबर जात, आणि कोणी कुठे जायचे हे बहुधा चिठ्ठ्या टाकून ठरे. मनात सर्वांच्या पुढची पायरी. पुढे वक्ता म्हणून गाजलेला सिसेरो इ.स.पू. 75 मध्ये पश्चिम सिसिलीत लिलिबियम येथे क्वेस्टर होता. रोममध्ये धान्याची टंचाई असताना त्याने तिथून भरपूर धान्य पाठवले आणि वर्ष संपवून परतताना त्याला वाटत होते की राजधानीत आपल्याखेरीज दुसरा विषय नसेल. वाटेत प्युटिओली बंदरात भेटलेल्या एका ओळखीच्या माणसाने त्याला विचारले, रोमहून कधी निघालास, काय नवे तिकडे? आपण प्रांतातून येत आहोत असे त्याने सांगितल्यावर तो माणूस म्हणाला, बरोबर, आफ्रिकेतून ना! ही हकीकत सिसेरोने पुढे एका भाषणात स्वतःच सांगितली आहे. त्यातून त्याने एवढेच घेतले की रोमन जनतेचे कान मंद आहेत आणि डोळे तीक्ष्ण, म्हणून आपण यापुढे कायम तिच्या डोळ्यांसमोर राहिले पाहिजे. पुढच्या आयुष्यात तो तसा राहिला. धान्य वेळेवर पोहोचले होते, ही गोष्ट त्या हकीकतीत मागे पडते, याचे मला अजून वाईट वाटते.

एका वर्षात मनुष्य काय शिकतो? मी अनेक अधिकारी येताना आणि जाताना पाहिले. नवा अधिकारी चार्ज घेतो, पहिले तीन महिने कोणते बिल कोणत्या टेबलावरून कुठे जाते हे समजून घेण्यात जातात, पुढचे काही महिने तो आपल्या पद्धतीने काही करू पाहतो, आणि तेवढ्यात बदलीचा आदेश येतो. या सगळ्या काळात नियम कोणाला ठाऊक असतात? टेबलावरच्या माणसाला. साहेब विचारतात, हे असे चालते का? तो म्हणतो, चालते साहेब, आजवर चालत आले आहे. यात अप्रामाणिकपणा असायलाच हवा असे नाही. पण सत्ता कोणाच्या हातात असते, हे त्या एका उत्तरात कळते.

रोममध्येही तसेच होते. निवडून आलेले क्वेस्टर वर्षाने जात. खजिन्याचे कारकून राहात. ते पगारी होते, त्यांच्या संघटित तुकड्या होत्या, आणि कोणता कायदा कुठे ठेवला आहे, कोणाकडे किती येणे आहे, कोणत्या ठरावाची नोंद कशी करायची हे त्यांना तोंडपाठ असे. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने स्पष्ट लिहिले आहे की तरुण आणि अनुभवशून्य वरिष्ठांना शिकवण्यासाठी कारकूनच लागत, आणि त्यामुळे खरे अधिकारी तेच होऊन बसले होते. एका वर्षाची मुदत रोमन लोकांनी राजा पुन्हा निर्माण होऊ नये म्हणून घातली, आणि तिच्यामुळेच खजिन्याची किल्ली निवडणुकीला कधी उभ्या न राहिलेल्या लोकांकडे गेली. या व्यवस्थेविषयी जे ग्रंथ मी वाचले, त्यांत दोन कॉन्सलांच्या समतोलाचे कौतुक पानोपानी आहे. खजिन्यातल्या या दुसऱ्या परिणामाविषयी मात्र क्वचितच कोणी थांबून बोलते.

इ.स.पू. 64 च्या सुमारास या खजिन्यात धाकटा कॅटो क्वेस्टर म्हणून आला. प्रसिद्ध सेन्सर कॅटोचा हा पणतू. निवडणुकीला उभे राहण्याआधीच त्याने क्वेस्टरपदासंबंधीचे कायदे वाचून काढले होते आणि ते पद सांभाळलेल्या लोकांना एकेक गोष्ट विचारून घेतली होती. त्यामुळे पहिल्याच दिवशी कारकुनांना कळले की या माणसाला शिकवण्यासारखे आपल्याकडे फारसे काही नाही. जिथे चूक अज्ञानातून झाली होती तिथे त्याने ती दाखवून दिली, जिथे लबाडी होती तिथे ती पकडली. एका कारकुनाला त्याने एका वारशाच्या प्रकरणातील विश्वासघाताबद्दल खजिन्यातून काढून टाकले, दुसऱ्यावर अफरातफरीचा खटला भरला.

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता. पुस्तक मिटून मी मनातल्या मनात त्या कारकुनांची बाजू मांडत बसलो होतो. उमरावाच्या घरात जन्मलेला, पगाराची गरज नसलेला तिशीतला तरुण एका वर्षासाठी येतो, आणि आयुष्यभर त्या पाट्या सांभाळणाऱ्यांना चोर ठरवतो. त्याच्या नंतर पुन्हा त्यांनाच तो खजिना चालवायचा आहे. माझे मत बदलले ते त्या खटल्याचा शेवट वाचून. सेन्सरपदापर्यंत पोहोचलेला कॅट्युलस, ज्याच्या सचोटीबद्दल रोममध्ये कोणाला शंका नव्हती, त्या कारकुनाच्या बचावासाठी उभा राहिला. कायद्यात जागा सापडेना, तेव्हा तो उघडपणे दयेची याचना करू लागला. मते मोजली तेव्हा शिक्षेच्या बाजूने एकच मत जास्त भरले. कॅटोचा सहकारी क्वेस्टर मार्कस लोलियस त्या दिवशी आजारी होता. कॅट्युलसने त्याला निरोप पाठवला, लोलियस डोलीतून आला, आणि त्याने सुटकेच्या बाजूने मत टाकले. कारकून सुटला. कॅटोने मात्र त्याला पुन्हा काम दिले नाही, त्याचा पगार दिला नाही, आणि लोलियसचे मत जमेस धरले नाही.

म्हणजे ज्या कारकुनांना मी दुबळे समजून त्यांचा कैवार घेत होतो, त्यांच्यासाठी रोममधला एक थोर मनुष्य हात जोडत होता आणि दुसरा अंथरुणावरून उठून येत होता. त्यांच्याजवळ अशी कोणती गोष्ट होती, हे मला कोणी सांगायला नको होते. त्यांच्याजवळ नोंदी होत्या.

लोलियसच्या त्या डोलीमुळे रोमन पदांमधील दुसरी मोठी कल्पना, सहकाऱ्याची, माझ्यासाठी जिवंत झाली. डिक्टेटर सोडला तर रोममध्ये कोणतेही नियमित पद एकट्याचे नसे. बरोबरीचा एक तरी असेच, आणि त्याचे काम तुम्हाला मदत करण्याचे जितके, तितकेच तुम्हाला अडवण्याचे. सीझर आणि बिब्युलस ही जोडी याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. दोघे इ.स.पू. 65 मध्ये बरोबर ईडाइल होते, पुढे बरोबर प्रेटर, आणि इ.स.पू. 59 मध्ये बरोबर कॉन्सल. ईडाइल असताना खेळांचा खर्च दोघांनी केला आणि नाव सीझरचे झाले. तेव्हा बिब्युलस म्हणाला होता की माझी गत पोलक्ससारखी झाली, देऊळ कॅस्टर आणि पोलक्स या दोघा जुळ्या देवांचे आणि लोक त्याला म्हणतात नुसते कॅस्टरचे देऊळ. कॉन्सल झाल्यावर त्याने सीझरच्या जमीनवाटपाच्या कायद्याला विरोध केला, तेव्हा भर फोरममध्ये त्याच्या डोक्यावर शेणाची टोपली ओतली गेली आणि त्याच्यापुढे चालणाऱ्यांच्या हातातील, अधिकाराची खूण असलेल्या दंडांच्या मोळ्या मोडल्या गेल्या. उरलेले वर्ष तो घरात बसून आकाशातील अशुभ चिन्हांच्या घोषणा काढत राहिला. रोममध्ये वर्षाला आकडा नसे, कॉन्सलांची नावे हीच वर्षाची ओळख. त्या वर्षाविषयी लोक म्हणू लागले की हे ज्युलियस आणि सीझर यांच्या कॉन्सलपदाचे वर्ष. या विनोदाला आजही लोक हसतात. मी नोंदवहीच्या बाजूने विचार करतो तेव्हा मला तो हसण्याजोगा वाटत नाही. कागदावर बिब्युलसचे नाव शेवटपर्यंत राहिले, पण त्याच्या नकाराला त्या वर्षी काही किंमत उरली नव्हती.

सामान्य माणसासाठी नकार देण्याचे काम ट्रिब्यूनांचे. परंपरा सांगते की इ.स.पू. 494 मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन, म्हणजे सामान्य, लोक शहर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले, आणि हे पद मिळाल्यावरच परतले. पुढे ट्रिब्यूनांची संख्या 10 झाली. कॉन्सलच्या हुकुमालाही एकटा ट्रिब्यून अडवू शकत असे, आणि त्याच्या अंगावर हात टाकणे हे देवाविरुद्धचे पाप मानले जाई. मला त्याच्या अधिकारापेक्षा त्याच्यावरची बंधने अधिक हृद्य वाटतात. त्याने एकही रात्र शहराबाहेर काढायची नाही, आणि त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असले पाहिजे. अडलेल्या माणसाला दार लोटावेसुद्धा लागू नये, एवढा विचार कोणीतरी केला होता.

आता ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्या माणसाकडे येतो. त्याचे नाव ग्नेयस फ्लेव्हियस. बाप गुलामगिरीतून मुक्त झालेला, स्वतः कारकून. इ.स.पू. 304 मध्ये तो ईडाइलांच्या हाताखाली काम करत असताना त्याच पदाच्या निवडणुकीत त्याला मते पडू लागली. निवडणूक चालवणाऱ्या अधिकाऱ्याने कारकुनाचे नाव स्वीकारायला नकार दिला. जुन्या इतिहासकारांपैकी एकाच्या वृत्तांताप्रमाणे फ्लेव्हियसने हातातली पाटी तिथल्या तिथे खाली ठेवली आणि शपथ घेतली की आपण यापुढे लेखनिकाचे काम करणार नाही. तो निवडून आला. निषेध म्हणून बहुतेक सरदारांनी आपल्या बोटांतील सोन्याच्या अंगठ्या उतरवून ठेवल्या, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो.

फ्लेव्हियसने केले काय, तर दोन गोष्टी उघड केल्या. एक म्हणजे दाव्यांचे नमुने, कोणत्या प्रकरणात न्यायालयापुढे नेमके कोणते शब्द उच्चारायचे ते. दुसरी म्हणजे दिनदर्शिका. रोममध्ये वर्षातील काही दिवस न्यायालयीन कामाला चालत आणि काही चालत नसत, आणि कोणता दिवस कसा हे पुरोहितवर्गाला ठाऊक असे. दावा दाखल करू पाहणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे जाऊन विचारावे लागे. फ्लेव्हियसने ते दिवस पांढऱ्या फळ्यांवर लिहिले आणि फळ्या फोरमभोवती लावल्या. एवढेच. त्यासाठी कोणती लढाई झाली नाही. पण ज्या खिडकीवर लोक वर्षानुवर्षे ‘उद्या या’ हे उत्तर ऐकून परत गेले आहेत, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसलेलो आहे. निवृत्तिवेतनाची कोणती प्रकरणे कोणत्या वारी पाहिली जातील याचा तक्ता आमच्याकडे जेव्हा पहिल्यांदा दारावर लागला, तेव्हा त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या एका वृद्ध बाईंनी तो बोट फिरवत दोनदा वाचला आणि माझ्याकडे न येताच घरी गेल्या, कारण त्यांचा वार गुरुवार होता. फ्लेव्हियसच्या फळ्यांचा अर्थ मला त्या बाईंच्या पाठमोऱ्या आकृतीने सांगितला.

त्याच्याबद्दलची दुसरी हकीकत अशी. त्याचा सहकारी ईडाइल आजारी होता म्हणून फ्लेव्हियस त्याच्या समाचाराला गेला. खोलीत तरुण सरदार बसले होते. अधिकारी आल्यावर उठून उभे राहणे हा रिवाज, पण ते ठरवून बसून राहिले. फ्लेव्हियसने कोणाला एक शब्द ऐकवला नाही. त्याने आपली पदाची हस्तिदंती खुर्ची मागवली, ती दाराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्यावर बसला. बाहेर जाण्याची वाट आता त्याच्या खुर्चीपाशी अडली होती, आणि त्यांना तो खुर्चीवर बसलेला पाहात राहणे भाग होते. पदाला मान असतो, माणूस कोणाच्याही पोटी आलेला असो, हे त्याने असे त्यांच्या डोळ्यांपुढे ठेवले.

कारकुनीच्या या पेशातून पुढे आणखी एक मुक्त गुलामाचा मुलगा गेला. फिलिपीच्या लढाईत, इ.स.पू. 42 मध्ये, तो हरलेल्या बाजूने लढला, बापाची मालमत्ता गमावून बसला, आणि पोटासाठी त्याने क्वेस्टरांच्या कार्यालयातील कारकुनाची जागा विकत घेतली. तो कवी होरेस. सॅटर्नच्या देवळातील पाट्यांवर त्याचे अक्षर उमटले असेल, हा विचार मला तिथे उभा असताना बराच वेळ सोडत नव्हता.

कॅटोकडे परत येतो. त्याने आपल्या वर्षात खजिन्याची जुनी येणी वसूल केली आणि जुनी देणी तितक्याच तत्परतेने फेडली, जे मला विशेष वाटते, कारण वसुलीचा उत्साह सगळीकडे असतो आणि देण्याचा फार थोड्या ठिकाणी. सिनेटचे म्हणून आणलेले खोटे ठराव नोंदवून घेण्याची सवय त्याने मोडली. एका ठरावाविषयी शंका आली तेव्हा पुष्कळांनी साक्ष दिली तरी त्याने तो स्वीकारला नाही, कॉन्सलांनी स्वतः येऊन शपथ घेतल्यावरच नोंदवला. सुल्लाच्या काळात ज्यांनी जाहीर केलेल्या यादीतील माणसे मारून बक्षीस घेतले होते, त्यांना त्याने बोलावून ती रक्कम परत मागितली. खजिन्यात तो सर्वांच्या आधी येई आणि सर्वांच्या नंतर जाई. पद सोडल्यावरही त्याने सुल्लाच्या काळापासूनच्या हिशेबांच्या वह्या स्वतःच्या पैशाने विकत घेतल्या आणि रोजच्या व्यवहारांची नक्कल करून आणायला आपली माणसे तिथे ठेवली.

त्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी जवळजवळ सगळे नागरिक त्याला घरापर्यंत पोचवायला निघाले होते. वाटेत त्याला कळले की खजिन्यात त्याचा सहकारी मार्सेलस एकटा सापडला आहे, आणि त्याच्या ओळखीच्या वजनदार लोकांनी त्याला घेरून खजिन्याचे येणे असलेली एक रक्कम माफ केल्याची नोंद करायला लावली आहे. मार्सेलस हा कॅटोचा लहानपणापासूनचा मित्र. चांगला अधिकारी, पण भिडस्त.

भिडेविषयी मला लिहिलेच पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका 31 मार्चला, रात्री नऊच्या पुढे, माझ्या टेबलावर एक बिल आले. सोबत मंजुरीचा आदेश जोडलेला नव्हता. मी आक्षेप लिहिला होता, बिल परत करायचे होते. ते घेऊन आलेला माणूस माझा मित्र होता, आम्ही एका खोलीत राहून परीक्षा दिल्या होत्या. आदेश निघाला आहे, सकाळी आणून देतो, आज बिल गेले नाही तर निधी परत जाईल, असे तो म्हणाला आणि पुढे काही न बोलता उभा राहिला. मी आक्षेपाचा कागद काढून घेतला आणि बिल पुढे सरकवले. आदेश एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. त्यावर तारीखही एप्रिलचीच होती. पैसा योग्य कामावर खर्च झाला, कोणाचे नुकसान झाले नाही, कोणी मला कधी विचारलेही नाही. त्या मित्राशी मात्र मी पुढे पूर्वीसारखा बोलू शकलो नाही, आणि त्यालाही ते कळले.

कॅटो लोकांच्या त्या गर्दीतून मागे वळला, देवळात आला, आणि त्याने पाट्या मागितल्या. मार्सेलस शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही. कॅटोने ती नोंद खोडली. मग त्याने मार्सेलसला बरोबर घेतले, खजिन्यातून बाहेर आणले आणि त्याच्या घरापर्यंत पोचवले. मार्सेलसने त्याला त्या दिवशी दोष दिला नाही आणि नंतरही नाही, आणि त्यांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.